कोरड्या पायांनी

देवाला नाक होतं.

फोमच्या खाचेत तो आडवा ठेवला होता. मी हातमोजे चढवून वरचा पातळ कागद बाजूला केला, तेव्हा आधी दिसलं ते नाक. लहानसं, सरळ, टोकाला जरा बोथट. मग डोळे, दोन्ही सारखे नाहीत, डावा किंचित खाली उतरलेला. मग ओठ, आणि त्या ओठांवर साच्यातून निघालेल्या मूर्तींच्या ओठांवर असतं तसं, कोणाकडेच न बघणारं हसू. टॅगवर लिहिलं होतं: पितळ, घरगुती पूजेतील. खाली देणगीदाराचं नाव, ते माझ्या भावाचं. तरीसुद्धा मला क्षणभर उलगडा होईना. आमच्याच नावाचा दुसरा कोणी असेल, असंही मनात येऊन गेलं. मग मी मूर्ती पालथी केली. बैठकीचा मागचा कोपरा उडालेला होता. लहानपणी दादाने या देवाने अक्रोड फोडायचा प्रयत्न केला होता, आणि आईने त्याला मारलं नव्हतं. देवाची माफी मागायला लावली होती, मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी. तोच कोपरा. तोच देव. फक्त त्याला आता तोंड होतं, आणि माझ्या उभ्या आयुष्यात ते मी कधी पाहिलं नव्हतं.

आमच्या देवाला तोंड नव्हतं. खांद्यांच्या वर एक काळा, गुळगुळीत, अंड्यासारखा गोळा होता, बस. रोज दिवेलागणीला आई दिवा लावायची, त्याच तेलात अंगठा बुडवायची आणि त्या गोळ्यावरून वरून खाली एकदा फिरवायची. तिच्या सासूने तसंच केलं होतं, सासूच्या सासूनेही. प्रार्थना चार ओळींची. शेवटची ओळ, ‘कोरड्या पायांनी ये.’ ती म्हणून झाली की अंगठा पदराला पुसायचा आणि गॅसकडे वळायचं. आईच्या सगळ्या साड्यांच्या पदरावर एकाच जागी एक पिवळट डाग असे. ती गेल्यावर कपाट आवरताना वहिनीने त्या साड्या वेगळ्या काढल्या होत्या, द्यायच्या नाहीत म्हणून. कोणी घेणार नाही या अर्थाने.

“मुद्दाम तुझ्याकडे पाठवला,” संग्रहालयातल्या आमच्या विभागप्रमुख बाई दारातूनच म्हणाल्या. चष्मा कपाळावर, हातात चहा. “घरचाच आहे म्हटल्यावर माहिती तुझ्याइतकी चांगली कोण लिहिणार? भाऊ भला माणूस आहे गं तुझा. दोनदा येऊन गेला.” मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा खाली ओढला. “म्हणजे? मला वाटलं, तुमचं घरात ठरलंय.” मग माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे, त्या आत आल्या आणि दार लोटून घेतलं. “हे बघ, अजून संग्रहाचा नंबर पडलेला नाही. नंबर पडेपर्यंत देणाऱ्याने फोन केला तर वस्तू परत जाते, प्रश्न नाही. नंबर पडला की मग समिती. आणि समिती म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. संध्याकाळपर्यंत मला हा कपाटात गेलेला हवा, उद्या नव्या वस्तू बघायला मंडळी येतायत. तोवर काय ते बोलून घे.” जाता जाता थांबल्या. “छान आहे हं तोंडावरचा भाव.”

मी धर्माचा अभ्यास करते. हे वाक्य आमच्या घरात कोणी कधी सरळ तोंडाने उच्चारलं नाही. दादा मला शास्त्रीबाई म्हणतो. वहिनी पाहुण्यांना सांगते, “आमच्या वन्सं देवावर डॉक्टर आहेत,” आणि पाहुणे हसले की तीही हसते. त्यात विष नसतं. सतराव्या वर्षी मी देवाला अंगठा लावणं बंद केलं होतं, आणि ते जाहीर करून बंद केलं होतं, जेवणाच्या वेळी, सगळे समोर असताना. मग तोच विषय घेऊन शिकायला गेले. घरच्यांना वाटलं, शत्रूचा अभ्यास चाललाय. काही वर्षं तसंच होतं ते. एकेक गोष्ट उलगडून ठेवायची: हा देव आधी कोणाचा होता, कोणी पळवला, कोणी त्याचं लग्न लावून दिलं, ही प्रार्थना कोणत्या व्यापाऱ्यांनी कुठून आणली. सगळं खरं असायचं, आणि संध्याकाळी हात धुताना काहीच उरलेलं नसायचं. नंतर एके दुपारी ग्रंथालयात, दुसऱ्याच कामासाठी मागवलेल्या गाण्यांच्या एका जुन्या संग्रहात मला आईची प्रार्थना सापडली. तीच, पण चार ओळींची नव्हे, लांबलचक. पाणी उंबऱ्याशी आलं, लेकरू माळ्यावर नेलं, दोरी धरून बसलो. नदीच्या वळणावर राहणाऱ्या लोकांची ती होती. पूर आला की ते माळ्यावर बसून ती म्हणत आणि वाट बघत. देव चालत येतो, ही त्यांची समजूत. तो कोरड्या पायांनी आला, म्हणजे मधली जमीन उघडी पडली. त्यांना देव हवा होता की जमीन, हे त्या ओळीत वेगळं काढता येत नव्हतं. तिथले लोक केव्हाच उठून दुसरीकडे गेले, मग आणखी दुसरीकडे. पूर गळून पडला, माळा गळून पडला, आणि शेवटची ओळ तेवढी कोणाच्या तरी सासूच्या तोंडी शिल्लक राहून चौथ्या मजल्यावरच्या आमच्या घरात येऊन पोचली. मला गहिवरून वगैरे आलं नाही. त्या ओळीवर बोट ठेवून मी ती पुन्हा वाचली. ज्याच्याबद्दल मी इतकी वर्षं वाचत होते, त्याला कोणीतरी खरोखर हाक मारली होती, पायाखाली पाणी असताना. त्या संध्याकाळी मी घरी गेले आणि आईच्या मागोमाग तेलात अंगठा बुडवला. आईने दिव्याची वात थोडी पुढे सारली.

मग मी तिला ते सांगितलं. ती भाजी निवडत होती. “अगं बाई,” ती म्हणाली, “मला इतकी वर्षं वाटायचं, देवाने चिखलाचे पाय घेऊन घरात येऊ नये म्हणून म्हणतो आपण. म्हटलं, फरशीची केवढी ती काळजी!” आणि इतकी हसली की डोळे पुसावे लागले. मग हसणं थांबलं तरी ती डोळे पुसतच राहिली. “म्हणजे हे आपण आपल्यासाठी मागतच नव्हतो. बुडणाऱ्यांचं मागणं आहे हे.” दुसऱ्या दिवशी देवाच्या पायांखाली घडी घातलेलं पांढरं फडकं दिसलं. टीव्हीवर कुठल्यातरी लांबच्या देशातला पूर दाखवत असले की ती आवाज बंद करायची आणि ती ओळ म्हणायची, मग संध्याकाळ असो नसो. दादा म्हणायचा, “आई, त्यांना तुझी भाषा तरी कळते का?” ती म्हणायची, “तू तुझं जेव.”

तोंडाचंही मीच तिला सांगितलं होतं. तिला त्याची बोच होती. आपल्या घरातल्या बायकांनी देवाचं तोंड झिजवलं, असं तिला वाटे. मी तिला पुस्तकांतले फोटो दाखवले. जगभर ठिकठिकाणी असे देव आहेत, पायऱ्या आहेत, दगड आहेत, लोकांच्या हातांनी, ओठांनी झिजून सपाट झालेले. झिजणं हीच त्यांची पूजा, हे मी तिला माझ्या व्याख्यानातल्यापेक्षा बऱ्या शब्दांत सांगितलं. आईने स्वतःचा अंगठा उजेडात धरून पाहिला. “म्हणजे तोंड गेलं नाही,” ती म्हणाली. “आमच्या बोटांना लागून आलंय.” हे वाक्य मी नंतर एका निबंधात वापरलं, ‘एका माहितीदार स्त्रीच्या शब्दांत’ असं म्हणून. निबंध छापून आल्यावर तिला वाचून दाखवला तर म्हणाली, “माहितीदार काय गं? पोलिसांना असतात ते.”

आणि आता नाक होतं. मी दिवा जवळ ओढला, भिंग घेतलं. पापण्यांच्या कडा धारदार होत्या. ओठांच्या मधली रेघ कालच कोरल्यासारखी. या तोंडावरून काहीसुद्धा झिजलेलं नव्हतं. तेल, काजळी, पुन्हा तेल, पुन्हा काजळी; पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंगठ्यांनी ते थर चेपून चेपून खोबणी भरून काढल्या होत्या, आणि वरून रोजच्या हाताने तो गोळा गुळगुळीत झाला होता. झीज नव्हती ती, भर होती. नखाने खरवडून पाहिलं असतं तरी कळलं असतं. पण देवाला नखाने कोण खरवडतं, आणि ज्याला जगभरचे झिजलेले देव पाठ आहेत त्याला खरवडावंसं का वाटेल? मी आईला दिलेली गोष्ट चुकीची होती. ती चुकीची गोष्ट उराशी धरून ती गेली. आणि खरं काय ते सांगणारा सबंध पुरावा कोणीतरी घासून मोरीत सोडून दिला होता.

“लिंबू, मीठ, आणि मग ती भांड्यांची पावडर,” फोनवर वहिनी म्हणाली. तिच्या मागे खोकी ओढल्याचा आवाज येत होता. ते घर बदलत होते. “वन्सं, दोन दिवस माझे हात दुखत होते, खोटं नाही सांगत. पण काय लख्ख निघाला! आम्ही तर बघतच राहिलो. सासूबाई असत्या तर…” तिचा आवाज खरोखर भरून आला. मी म्हटलं, हो. काळा देव लोकांसमोर कसा द्यायचा, ती म्हणाली, आपल्याच घराचं नाव खराब. मी पुन्हा म्हटलं, हो. मग तिने फोन दादाकडे दिला.

“पोचला का? म्हटलं, तुला चकित करू,” दादा म्हणाला. “नव्या घरात रोज दिवा कोण लावणार, सांग. ही सकाळी जाते ती रात्री येते, मी असा. देव नुसताच ठेवायचा म्हणजे हिच्या जिवाला घोर. विसर्जन करायचं तर आईचा देव, हात होईना. मग सुचलं. तुझ्या तिथे राहील, काचेत, नीट. रोज तुझ्या डोळ्यांसमोर. खाली पाटीवर आईचं नाव टाकतायत, तुमच्या बाई म्हणाल्या.” त्याला खरोखर बरं वाटत होतं. आईच्या मागे पहिल्यांदाच त्याच्या आवाजात ते ऐकत होते मी.

“मला विचारायचंस.”

“विचारलं असतं तर तू भाषण दिलं असतंस.”

“दादा, परत मागव. बाईंना एक फोन कर फक्त. आज, आत्ता.”

“का? काय झालं?”

“मला हवाय तो.”

“आहे की तुझ्याकडे. तुझ्याच टेबलावर असेल ना आता?”

“तसा नाही. घरी हवाय. संध्याकाळी…” पुढचा शब्द मला सापडेना. पूजा म्हणायचं? भक्ती? हे शब्द मी दिवसभर लिहिते, दुसऱ्यांविषयी. “संध्याकाळी अंगठा लावायला,” मी म्हटलं.

पलीकडे खोकं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो हसला, प्रेमानेच. “अगं वेडे, आता कोणासाठी? ते आईसमोर चाललं. तिला बरं वाटावं म्हणून करायचीस ना तू, आम्हाला काय कळत नव्हतं? ही तर नेहमी म्हणायची, वन्सं आईसाठी किती मन मारून करतात ते. माझ्याच्याने नसतं झालं.” मी नुसतं ‘हं’ म्हटलं. त्याला वाटलं असावं, मला बरं वाटतंय. म्हणून त्याने आणखी दिलं. “आईलासुद्धा ठाऊक होतं. मला म्हणाली होती एकदा. पोरगी मानत नाही रे, शिकलेली आहे. पण माझ्यासाठी वाकते, तेवढं पुष्कळ झालं.”

खिडकीखालच्या अंगणात मालाची गाडी मागे मागे येत होती आणि तिचा तो टुंटुं आवाज संपत नव्हता. मी भिंग बंद करून त्याच्या डबीत ठेवलं. वात पुढे सारणारा हात आठवत होते मी. तेव्हा त्या हाताला काय वाटलं होतं, हे आजपर्यंत मला माहीत होतं. आता नव्हतं. फरशीच्या काळजीवरचं ते हसणं, अंगठा उजेडात धरणं, ‘आमच्या बोटांना लागून आलंय’ — हेही सगळं माझ्यासाठी असेल. मुलीने एवढं शिकून काहीतरी आणलंय तर कौतुक करावं म्हणून. लहानपणी मी शाळेतून आणलेली वाकडीतिकडी चित्रं ती अशीच उजेडात धरायची. मी तिच्यासाठी वाकतेय असं समजून ती माझ्यासाठी ऐकत बसली, आणि आम्ही दोघी एकमेकींना इतक्या जपत राहिलो की देवाकडे कोण बघत होतं, देव जाणे. मला जे लाभलं होतं त्याची एकच साक्षीदार होती, आणि तीही नव्हती.

“ऐकतेयस ना?” दादा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. लहानपणी मी तापात असले की असा व्हायचा. “हे बघ. तुला खरंच हवा असेल तर करतो फोन. हा ठेवला की लगेच करतो. पण मला खरं सांग. वस्तू म्हणून नको सांगू, आईची आठवण म्हणूनही नको. तू मानतेस देव?”

इतकं सोपं मला कोणी कधी विचारलं नव्हतं. हो म्हणायचं होतं. एक अक्षर. ते ओठांपर्यंत आलंही होतं. आणि त्या अक्षराच्या मागे, इतकी वर्षं पहाऱ्यावर असल्यासारखी, माझी सवय उभी होती.

“ते तू मानणं कशाला म्हणतोस त्यावर…” मी म्हटलं.

“झालं,” दादा म्हणाला. “शास्त्रीबाई सुरू.” तो रागावला नव्हता. सुटल्यासारखा वाटला उलट. मी म्हटलं, थांब, तसं नाही, मला म्हणायचंय की… आणि मागून वहिनी ओरडली की माणसं आलीत, कपाट आधी काढायचं की पलंग? “राहू दे तो तिथेच,” दादा म्हणाला. “बरा आहे. चल, संध्याकाळी बोलू.” तो बोलणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. पुन्हा फोन लावून नुसतं हो म्हणता आलं असतं. मी फोन हातात धरून बसले होते. पण आता ते उत्तर दुरुस्त केल्यासारखं झालं असतं, आणि दुरुस्त केलेल्या उत्तरावर दादाने विश्वास ठेवला नसता. मीही नसता ठेवला.

मग मी काम केलं. मूर्तीचे फोटो काढले, शेजारी मोजपट्टी ठेवून, समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी. बैठकीच्या तळाला पारदर्शक लेपाचा बोटभर पट्टा दिला. तो वाळेपर्यंत माहिती लिहिली. ‘मुखावर पूर्वी पूजेतील तेल व काजळीचे दाट थर होते; देणगीपूर्व स्वच्छतेत ते निघून गेले आहेत.’ हे मी लिहिलं. ‘मुखाचा सपाटपणा हा झिजेचा परिणाम असल्याचा समज कुटुंबात होता’ हेही लिहिलं, आणि कुटुंबात हा शब्द तसाच ठेवला. लेप वाळल्यावर बारीक लेखणीने नंबर घातला. अक्षर चांगलं आलं. वर दुसरा लेप दिला की नंबर पुसला जात नाही; धुतला तरी नाही.

तो दुसरा लेप वाळत असताना मला दवाखाना आठवला. आठवला म्हणणं बरोबर नाही. इतके दिवस मी तो बाजूला ठेवला होता. फुप्फुसात पाणी आहे, डॉक्टर म्हणाले होते, काढतोय पण पुन्हा भरतंय. मी थर्मास भरून आणायला खाली गेले होते. परत आले तेव्हा पडदा अर्धवट ओढलेला होता आणि आईला मी दिसत नव्हते. पलीकडच्या खाटेवर एक म्हातारी होती, तिच्याकडे भेटायला कोणी येत नसे. तिलाही तोच आजार, आणि त्या दिवशी तिची घरघर फार वाढली होती. आईने तोंडावरचा मास्क स्वतः बाजूला केला. मान तिकडे वळवली. खाटेच्या लोखंडी दांडीवर तिचा अंगठा वरून खाली एकदा फिरला. “कोरड्या पायांनी ये,” ती म्हणाली, आणि मग दम लागून थांबली, आणि पुन्हा म्हणाली, “हिच्याकडे आधी.” मग तिने मास्क नीट लावून घेतला. मी बाहेरच उभी राहिले. थर्मास इतका गरम नव्हता, तरी मी तो हात बदलून बदलून धरत होते. कोणासाठी म्हणत होती ती? दादा नव्हता तिथे. मी आहे हे तिला माहीत नव्हतं. त्या म्हातारीला तर आमच्या प्रार्थनेतलं अक्षरही ठाऊक नव्हतं. ते नदीचं वळण, तो माळा, ती दोरी, हे मी ग्रंथालयातून उचलून आणलं होतं, आणि आई ते घेऊन आता खरोखर पाण्यात बसली होती, आणि शेजारच्या माळ्यावरच्या बाईला आधी सोडव म्हणत होती. तो आला की नाही, मला सांगता येणार नाही. दोघी त्याच आठवड्यात गेल्या. आधी आई.

दुसरा लेप वाळला. देव उचलून मी कपाटातल्या त्याच्या खणात उभा केला. पितळ ओलीला भितं, म्हणून आम्ही खणात पाणी शोषणाऱ्या दाण्यांच्या लहान पुड्या ठेवतो. कुठे ठेवायच्या ते ज्याचं त्याने ठरवायचं. मी त्या त्याच्या पायांशी ठेवल्या, दोन्ही बाजूंनी, अगदी लागून, आईने फडकं घातलं होतं तसं. त्याचा खालचा डोळा माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होता. खोलीत कोणी नव्हतं. बाई घरी गेल्या होत्या. अंगणातली गाडीही गेली होती. कोणाला बरं वाटावं असं आसपास कोणीच नव्हतं. मी उजव्या हाताचा मोजा काढला. अंगठ्याला तेल नव्हतं, लेपाचा नुसता वास होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत एकदा फिरवला. नाक मध्ये आलं. ते बोचलं.

चारही ओळी म्हणून झाल्यावर मी मोजा चढवला आणि काच सरकवून कुलूप लावलं. काचेत आता माझं तोंड त्याच्या तोंडावर येत होतं. उघड्या पितळावर बोट लागलं की काही महिन्यांनी तिथे काळा डाग धरतो, आणि तो कशाचा हे तपासायला देव माझ्याच टेबलावर येईल. तेव्हा काय लिहायचं, ते मला माहीत आहे.

हो.

एवढंच दादाला सांगायचं होतं.